ढगात हरवलेले विमान, जमिनीवर हरवलेली जबाबदारी

२१ जानेवारी २०१९ ची रात्र. फ्रान्समधील नांत शहरातून एका इंजिनाचे एक छोटे विमान ब्रिटनमधील कार्डिफकडे निघाले. विमानात माणसे दोनच. एक वैमानिक आणि दुसरा एमिलियानो साला हा अर्जेंटिनाचा अठ्ठावीस वर्षांचा फुटबॉलपटू. तासाभरातच इंग्लिश खाडीवर, गर्न्सी बेटाच्या उत्तरेकडे हे विमान रडारवरून नाहीसे झाले. तीन दिवसांनी सरकारी शोध थांबवण्यात आला. मग लोकांनी वर्गणी गोळा केली, खासगी शोधपथक पाठवले आणि ३ फेब्रुवारीला समुद्राच्या तळाशी विमानाचे अवशेष सापडले. सालाचा मृतदेह मिळाला. वैमानिकाचा मात्र आजतागायत मिळालेला नाही.

साला हा एका ट्रकचालकाचा मुलगा. सांता फे प्रांतातील प्रोग्रेसो या लहान गावातून तो फ्रान्सपर्यंत पोहोचला तो केवळ पायांतल्या कसबावर. अपघाताच्या दोनच दिवस आधी कार्डिफच्या क्लबने त्याला दीड कोटी पौंडांना घेतल्याचे जाहीर केले होते. जुन्या सहकाऱ्यांचा निरोप घ्यायला तो नांतला परत गेला आणि तिथून येताना गेला तो गेलाच. विमानात बसल्यावर त्याने मित्रांना आवाजी संदेश पाठवला होता. हे विमान खिळखिळे होऊन पडेल असे वाटते, मला भीती वाटते, असे तो त्यात सांगत होता. म्हणजे दीड कोटी पौंडांच्या माणसाला कोणत्या विमानात बसवले आहे, हे त्या माणसाला स्वतःला दिसत होते. ज्यांनी बसवले त्यांना मात्र ते दिसत नव्हते, किंवा दिसूनही बघायचे नव्हते!

हा अपघात कसा झाला? ब्रिटनच्या विमान अपघात तपास शाखेने मार्च २०२० मध्ये आपला अहवाल दिला. हा वैमानिक डोळ्यांनी बाहेर बघत उडण्याच्या नियमाखाली उडत होता. रात्र, खाली काळा समुद्र आणि वाटेत ढग. ढग टाळण्यासाठी खाली उतरू द्या, अशी विनंती त्याने नियंत्रण कक्षाला केली आणि ती मान्यही झाली. थोड्या वेळाने स्वयंचलित यंत्रणेशिवाय, हाताने विमान वळवताना त्याचा ताबा सुटला. विमान वेगाने खाली गेले. ते सावरण्याच्या धडपडीत वेग इतका वाढला की विमान हवेतच तुटू लागले आणि समुद्रावर आदळले. ढगातून बाहेर राहण्यासाठी किंवा ढगातून बाहेर येण्यासाठी घेतलेले वळणच जीवघेणे ठरले असावे, असा तपासाचा निष्कर्ष आहे.

सर्वसामान्य वाचकाला इथे प्रश्न पडेल. ढग म्हणजे काय, तर पाण्याची वाफ आणि थेंब. त्याला विमान धडकत नाही. मग ढगात शिरले म्हणून विमान पडेल कसे? पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके उतरते, समोरचे काही दिसत नाही. एसटीचा चालक दिवे लावतो, वेग कमी करतो, फार झाले तर गाडी बाजूला उभी करतो. विमानाला ती सोय नाही. विमान आकाशात उभे करता येत नाही. आणि खरे संकट समोरचे दिसत नाही हे नाहीच. खरे संकट हे, की वर कुठे आणि खाली कुठे हेच माणसाला कळेनासे होते.

लहानपणी फुगडी न घातलेला माणूस विरळा. गरगर फिरून थांबले की आपण उभे असतो, पण जग फिरतच राहते. याचे कारण आपल्या कानाच्या आत आहे. तिथे तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांत द्रव आहे. डोके फिरले की तो द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळते की आपण वळत आहोत. पण एकाच गतीने वळत राहिले तर सुमारे वीस सेकंदांत द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव संपते. विमान कलते आहे, गोल फिरते आहे आणि आतला माणूस समजतो की आपण सरळ चाललो आहोत! अशा वेळी कोणी विमान खरोखर सरळ केले, तर त्याला वाटते आपण उलट्या बाजूला कललो. म्हणून तो पुन्हा मूळच्या कलण्याकडे जातो. कललेल्या विमानाचे नाक खाली झुकते, वेग वाढतो. उंची कमी होते आहे हे पाहून वैमानिक नाक वर ओढतो. पण विमान कललेलेच असल्यामुळे ते वर चढत नाही, त्याचे वळण आणखी आवळते. हा गोल गोल फास जमिनीवर किंवा पाण्यावर संपतो. इंग्रजी वैमानिकांनी त्याला स्मशानाचे नाव दिले आहे, ते उगाच नाही.

दिवसा, स्वच्छ हवेत हे होत नाही, कारण क्षितिज दिसते आणि डोळा कानाची चूक दुरुस्त करतो. ढगाने क्षितिज झाकले की ही दुरुस्ती बंद पडते. उरते ती फक्त खात्री, तीही चुकीची. लोकलमध्ये बसलेले असताना शेजारची गाडी सुटते आणि क्षणभर आपलीच गाडी सुटल्यासारखे वाटते. प्लॅटफॉर्मकडे पाहिले की भ्रम जातो. ढगात असा प्लॅटफॉर्म नसतो.

ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यावर प्रयोग झाला. यंत्रे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिले. सोबत अर्थातच जाणकार शिक्षक होता. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. एकोणीस जण त्याच गोल फासात गेले. एकाने नाक इतके वर केले की विमानाचा उडण्याचा जोरच संपला. कोणी वीस सेकंद टिकला, कोणी आठ मिनिटे. सरासरी निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाही! पण या प्रयोगाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. त्याच माणसांना यंत्रांकडे पाहून, विमान हळुवार वळवून आल्या वाटेने परत फिरण्याची साधी पद्धत शिकवली गेली आणि ते सुखरूप बाहेर पडू लागले. माणसे तीच, विमान तेच, ढग तोच. फरक पडला तो शिक्षणाने.

वैमानिकांनाही हे सहजासहजी पटले नव्हते. विमानविद्येच्या सुरुवातीच्या काळात चांगला वैमानिक म्हणजे ज्याला विमानाची हालचाल बसल्या जागी, शरीरालाच कळते तो, असा समज होता. अमेरिकी सैन्यातील विल्यम ऑकर याने १९२६ मध्ये फिरत्या खुर्चीवर स्वतःची परीक्षा दिली, तेव्हा त्याला दिसले की डोळे झाकले की आपल्याला आपण कुठे वळतो हेही सांगता येत नाही. त्याने हे इतरांना पटवायला सुरुवात केली. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये जिमी डूलिटल याने बाहेर न बघता, केवळ यंत्रांच्या आधारे विमान उडवले, फिरवले आणि उतरवून दाखवले. त्या यंत्रांत कृत्रिम क्षितिज दाखवणारे यंत्र होते. तेव्हापासून जगभर एकच धडा शिकवला जातो. ढगात गेल्यावर तुला काय वाटते ते विचारू नकोस, यंत्र काय दाखवते ते बघ.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा काय? नाही! त्याचे उत्तर आपल्या मुंबईनेच पाहिले आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जम्बो विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि काही क्षणांत वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते. ते विमान उजवीकडे कलल्याचे दाखवत राहिले आणि कॅप्टन डावीकडे कलवत राहिला. समोर काळोखी रात्र, काळा समुद्र, क्षितिज नाही. विमानात त्याच प्रकारची आणखी दोन यंत्रे होती आणि ती बरोबर होती. विमान लहान असो की जम्बो, धडा एकच. स्वतःच्या भावनेवर विश्वास नको, तसाच एकाच यंत्रावरही नको. एक यंत्र दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी ताडून पाहायचे. तपासून घ्या आणि मगच माना, यालाच विज्ञाननिष्ठा म्हणतात.

आता सालाच्या विमानाकडे परत येऊ. त्या वैमानिकाला रात्री उडण्याचे शिक्षण नव्हते. त्याच्या परवान्यावर रात्री उडण्याची मुभा नव्हती. या प्रकारच्या विमानासाठी लागणाऱ्या त्याच्या नोंदीची मुदत संपलेली होती. यंत्रांवर उडण्याचा अलीकडचा सराव नव्हता. पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना ना त्याच्याकडे होता, ना त्या विमानाला होता. ब्रिटनमध्ये खासगी परवान्याच्या वैमानिकाला प्रवाशांबरोबर खर्च वाटून घेता येतो, पण त्यात स्वतःचाही वाटा घालावा लागतो. भाडे घेऊन माणसे न्यायची असतील तर वेगळा परवाना, वेगळे शिक्षण, वेगळी तपासणी लागते. इथे यातले काहीच नव्हते.

त्यात आणखी एक शत्रू विमानात शिरला होता. जानेवारीची थंडी. अशा विमानात इंजिनाच्या एक्झॉस्टजवळ तापलेली हवा आत घेऊन उब दिली जाते. एक्झॉस्टला कुठे गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. बंद न्हाणीघरात गॅसच्या गिझरने माणसे गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तोच हा वायू. रंग नाही, वास नाही. सालाच्या रक्तात त्याचे प्रमाण ५८ टक्के निघाले. मार्च २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीतील ज्युरीने सांगितले, की विमान आदळले तेव्हा साला गाढ बेशुद्ध होता. वैमानिकावरही या वायूचा परिणाम झाला असण्याची दाट शक्यता तपासात नोंदवली आहे. म्हणजे आधीच काळोख, ढग, अपुरे शिक्षण आणि त्यात विषाने मंदावलेला मेंदू! अशा गळतीची सूचना देणारा, आवाज करणारा इशारक त्या विमानात नव्हता. दीड कोटी पौंडांचा खेळाडू, आणि त्याच्या जिवासाठी एवढीशी वस्तू नव्हती!

प्रश्न असा आहे, की या विमानात या वैमानिकाला बसवले कोणी? अशा फेऱ्या जुळवून देणारा एक गृहस्थ होता. तो स्वतः त्या वेळी सुट्टीसाठी पॅरिसला होता, म्हणून त्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवले. याच वैमानिकाने पूर्वी हवाई हद्दीचे नियम मोडले होते. त्यावरून विमानाचा कारभार पाहणाऱ्या बाईंनी त्याला पुन्हा या विमानावर पाठवू नका असे बजावले होते. तरीही त्यालाच पाठवले गेले. ग्राहक नाराज होता कामा नये आणि विमान प्राधिकरणाचे लक्ष आपल्याकडे जाता कामा नये, म्हणजे दोघांनाही पैसे कमावता येतील, अशा आशयाचा त्याचा जुना संदेश कार्डिफच्या न्यायालयात वाचला गेला. अपघातानंतर त्याने पहिली धावपळ केली ती संबंधितांना गप्प राहायला सांगण्याची. ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानाची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल तो दोषी ठरला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला अठरा महिन्यांची कैद झाली. दोन जिवांची ही किंमत!

म्हणून आमचे म्हणणे असे आहे, की विमानाचा ताबा ढगात सुटला हे खरे, पण तो ढगात सुटायच्या कितीतरी आधी जमिनीवर सुटला होता. परवाना न बघणाऱ्या टेबलावर तो सुटला. 'चालतंय की' म्हणणाऱ्या फोनवर तो सुटला. असा अपघात झाला की 'वैमानिकाची चूक' असे दोन शब्दांत प्रकरण मिटवले जाते. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, ही सर्वांची सोय असते. त्या वैमानिकाची चूक होतीच. आपल्याला जे येत नाही ते त्याने स्वीकारले. पण त्याच्या चुकीवर ज्यांचा धंदा उभा होता, त्यांची चूक त्याहून मोठी आहे. आणि दोन्ही क्लब काय करत होते? मेलेल्या खेळाडूच्या किमतीचा पहिला साठ लाख युरोंचा हप्ता द्यायचा की नाही, यावर ते लढत होते. २०१९ मध्ये फुटबॉलच्या जागतिक संघटनेने आणि २०२२ मध्ये क्रीडा लवादाने तो द्यायलाच हवा असा निर्णय दिला. इकडे मुलाच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांत सालाचे वडील हृदयविकाराने गेले. त्यांच्या हप्त्याचा हिशेब कोणत्या लवादात मांडायचा?

ढगाला घराणे कळत नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा जॉन केनेडी धुरकट हवेत समुद्रावर स्वतःचे विमान चालवत असताना त्याला दिशाभ्रम झाला. तो, त्याची पत्नी आणि मेहुणी असे तिघेही गेले. केवळ यंत्रांवर उडण्याची पात्रता त्याने अजून मिळवलेली नव्हती. नाव, पैसा, रूप सगळे होते, पण क्षितिज नव्हते.

आपल्या देशाला हे नवीन नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी सभेसाठी दिल्लीहून कानपूरला निघालेले माधवराव शिंदे यांचे छोटे विमान खराब हवामानात मैनपुरीजवळ कोसळले आणि आठही जण गेले. त्यांत पत्रकार होते, वैमानिक होते. ३ मार्च २००२ रोजी लोकसभेचे पहिले दलित अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांचे हेलिकॉप्टर आंध्र प्रदेशात कैकलूरजवळ खराब दृश्यमानतेत पडले. वंचितांच्या घरातून देशाच्या सर्वोच्च सभागृहाच्या आसनापर्यंत पोहोचलेला माणूस आपण असा गमावला. २ सप्टेंबर २००९ रोजी मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलावर खराब हवामानात सापडले. पाच जण गेले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे तपासावे लागते, सगळे एकाच मापाने मोजता येत नाहीत. पण हवामान बिघडलेले असताना निघणे किंवा पुढे जात राहणे, हा धागा तिन्हींत दिसतो.

आपल्याकडे असा अपघात झाला की घातपाताची चर्चा रंगते. संशय असेल तर चौकशी झालीच पाहिजे. पण घातपाताच्या गप्पांत साधा प्रश्न राहून जातो. त्या दिवशी निघायचे की नाही, हे कोणी ठरवले? साहेबांची सभा आहे, मैदान भरले आहे, दुपारी दुसरा कार्यक्रम आहे, अशा वेळी 'ढग आहेत, आज जमणार नाही' असे म्हणणाऱ्या वैमानिकाची नोकरी टिकते काय? त्याला शाबासकी मिळते की दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस येतो? नाही म्हणण्याचा अधिकार कागदावर असतो. तो अधिकार वापरणाऱ्याला संरक्षण नसेल, तर त्या कागदाला काय अर्थ?

आपल्या देशातही भाड्याने विमान चालवायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची वेगळी परवानगी लागते. खासगी नोंदणीचे विमान भाड्याने देता येत नाही. २०१२ पासून अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र ब्युरो आहे. म्हणजे नियमांची वानवा नाही. वानवा आहे ती नियम पाळणाऱ्यांची आणि मोडणाऱ्याला पकडणाऱ्यांची. नियम म्हणजे बाबूंची कटकट, असे म्हणण्याची फॅशन आहे. वास्तविक पाहता विमानाचा प्रत्येक नियम कोणाच्या तरी मरणानंतर लिहिलेला असतो. सालाच्या मृत्यूनंतर तपास शाखेने वायूच्या इशारकाची शिफारस केली आणि २०२५ पासून ब्रिटनमध्ये प्रवासी नेणाऱ्या अशा विमानांत तो सक्तीचा झाला. तो आधीच असता, तर कदाचित ट्रकचालकाचा तो मुलगा कार्डिफच्या मैदानावर उतरला असता.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, भाड्याच्या छोट्या विमानात वा हेलिकॉप्टरमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला विमानाचा परवाना, वैमानिकाची पात्रता आणि तिची मुदत पाहण्याचा हक्क असावा आणि त्याने ती मागावी. दुसरी, हवामान पाहून उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण मिळावे. तिसरी, अपघातानंतर केवळ मेलेल्या वैमानिकाचे नाव लिहून फाईल बंद होऊ नये. फेरी कोणी जुळवली, पैसे कोणी घेतले, निघायची घाई कोणी केली, त्या प्रत्येकाला न्यायालयात उभे करावे. मंत्री आणि उद्योगपती यांच्याबरोबर त्याच विमानात अंगरक्षक असतो, सहायक असतो, छायाचित्रकार असतो. त्याला विमान निवडता येत नाही आणि 'मी येत नाही' असे म्हणता येत नाही. निदान त्याच्यासाठी तरी हे झाले पाहिजे.

ढगात गेल्यावर १७८ सेकंद उरतात. पण ढगात न जाण्याचा निर्णय घ्यायला जमिनीवर भरपूर वेळ असतो. तो वेळ कोण वाया घालवतो, याची चौकशी करा!